गोफणेवस्तीची रिले

खडकमाळच्या हायस्कुलात खेळाच्या मॅडम आहेत, संयोगिता मॅडम. पोरं माघारी त्यांना शिट्टीबाई म्हणतात आणि ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. खरं तर शिट्टी त्यांच्या गळ्यात नुसती शोभेला. शाळेच्या गेटात उभ्या राहून त्यांनी हाक मारली, की पार स्टँडवर चहा पिणारा पोरगा कप तसाच ठेवून पळत सुटतो. माहेर उंब्रजचं. घरचा ऊस, विहिरीला पाणी, वडील फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. आणि नोकरी लागली ती वडूजच्या पुढं, जिथं ढग नुसते वरनं बघून जातात असल्या मुलखात. गावानं तेव्हाच पैज लावली होती, ही उसातली बाई दिवाळीपर्यंत बदली करून घेणार. दिवाळ्या आल्या आणि गेल्या, बाई काही हलल्या नाहीत.

नवरा जयराज शिरवळला कंपनीत. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, "तू त्या मैदानासंगंच लगीन लावायचं हुतंस."

"लावलं असतं," त्या म्हणायच्या. "निदान मैदान भाजीला नावं ठेवत न्हाई."

आणि मैदान म्हणजे तरी काय हो? एका अंगाला उतार, वळणावर लिंबाचं झाड, आणि गुरुवारी त्याच जागेवर आठवडी बाजार. शुक्रवारी सकाळी मॅडम पोरापोरींना घेऊन कांद्याची टरफलं आणि शेळ्यांच्या लेंड्या वेचायच्या, मग दोरी धरून फक्कीनं पांढऱ्या रेघा मारायच्या. रेघा मारून झाल्या की कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या, नुकत्याच सारवलेल्या अंगणाकडं बघावं तशा.

पोरांचं सोपं होतं. आपल्याकडं पोरगा पळायला लागला की घरच्यांना फौजेची भरती दिसायला लागते. आई पहाटे उठून दूध तापवते, बाप चुलत्याकडनं बूट आणतो. पोरगी पळायला लागली की मात्र सगळ्यांना प्रश्न पडतात. तालुक्याला जायचं तर सोबत कोण? मुक्काम कुठं? कपडे कसले? आणि तोंडानं कुणी बोलत नाही तो खरा प्रश्न, उद्या सोयरीक जुळवताना कुणी खोट काढली तर? पहिली काही वर्षं मॅडम दारोदार हिंडल्या. चहा प्यायल्या, गोड बोलल्या, एकदा तर एका बापाच्या अंगावर ओरडल्या, आणि हात हलवत परत आल्या. चांगल्या पायाच्या पोरी होत्या. दहावीला बसल्या आणि गेल्या. मॅडमना त्यांचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा, नक्की कुणाचा ते त्यांना सांगता यायचं नाही.

मग त्यांना एक वाट सापडली. एकटी पोरगी मागायची नाही, सगळी भावकीच मागायची.

ओढ्यापलीकडं गोफणेवस्ती आहे. सगळे गोफणे, सगळे एका रक्ताचे. आधीचे लोक मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडायचे, आता कुणाचं डाळिंब आहे, कुणाची ज्वारी, आणि मेंढरंही थोडी आहेतच. वस्तीवर शब्द चालायचा तो एका माणसाचा, आप्पासो गोफण्यांचा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, तोंडात कायम काहीतरी खोचक. त्यांची नात सृष्टी आठवीला होती आणि तिच्या जोडीला चुलत्या-पुतण्यांच्या अशा आणखी पोरी त्याच वर्गात, नाहीतर एक मागं. सगळ्यांची नावं सांगून तुम्हाला गोंधळात टाकत नाही, सृष्टी तेवढी ध्यानात ठेवा.

मॅडम वस्तीवर गेल्या आणि म्हातारबांच्या समोर बसल्या. "आबा, मला एक पोर नको. तुमच्या चार पोरी द्या. बहिणी-बहिणीच हायत, एकमेकीला सोबत हुतील. परक्यात कुणी एकटी पडायची न्हाई."

म्हातारबांनी सगळ्या घरच्या बापयांना बिरोबाच्या देवळापाशी बोलावलं. त्यांचा मुलगा दादासो, म्हणजे सृष्टीचा बाप, आधीच नाक मुरडून बसलेला. "लोकांच्या म्होरं पोरी पळवायच्या म्हंजे..."

"मेंढरामागं पळती तवा तुला लाज वाटत न्हाई," आप्पासो म्हणाले. "चार मानसांच्या म्होरं पळाली की वाटती व्हय रं? आन एकटी कुठं चाललीय? भावकी चाललीय. मी सवता जातो संगं, मंग तर झालं?"

झालं. त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती. कपड्यांचा वाद राहिला होता, तो मॅडमनी घोट्यापर्यंतची पँट देऊन मिटवला. चार पळणाऱ्या झाल्या, राखीव म्हणून पाचवी पाहिजे, तीसुद्धा गोफण्यांचीच घेतली. मॅडम त्या दिवशी ओढा ओलांडताना एकट्याच हसत होत्या.

शाळेत मात्र हेडसर म्हणाले, "मॅडम, ही टीम हाय का वरात? उद्या ह्यांच्या घरात लगीन निघालं तर पाचीच्या पाची मांडवात. एखादी तरी भायरची घ्या."

"भायरची मिळती का तुमच्या खिशात?" मॅडम म्हणाल्या. हेडसर बरोबर बोलले होते, हे मॅडमना तेव्हाही पटलं होतं. पण बाहेरची पोरगी मागायची म्हणजे पुन्हा नवं दार, नवा बाप, आणि गोफण्यांनीही म्हटलं असतं, आमच्या पोरीत परकी कशाला? चालत्या गाड्याला खीळ कोण घालेल?

आणि गाडा चालला, लय जोरात चालला. रिलेत पायापेक्षा भरवसा लागतो. मागनं येणारीकडं न बघता हात मागं टाकायचा आणि पळत राहायचं, बॅटन हातात पडणारच असं धरून. इतर शाळांच्या पोरी इथंच चुकायच्या. ह्या पोरी ओढ्याला पाणी आलं की कोकरं एकीच्या हातनं दुसरीच्या हातात देत मोठ्या झालेल्या. त्यांना शिकवावंच लागलं नाही. शेवटच्या टप्प्याला सृष्टी. ती बॅटन घेताना दात आवळायची आणि शेवटच्या रेघेपलीकडं गेल्यावरच तोंड उघडायची.

तिसऱ्या वर्षी तालुका जिंकला. साताऱ्याला जिल्हा जिंकला. आप्पासो दोन्हीकडं हजर, स्टेडियमच्या पायरीवर घोंगडं अंथरून बसलेले. सृष्टी वळणावर आली की मेंढरं हाकताना काढतात तसला आवाज काढायचे, आणि आजूबाजूचे शहरातले पालक दचकून बघायचे. जिंकल्यावर त्यांनी बॅटन हातात घेऊन उलटी-सुलटी करून बघितली.

"बाई, ह्याच्यात काय असतं?"

"काय न्हाई आबा. पोकळ असती."

"पोकळ कांडीसाठी एवढी मानसं गोळा झाली? लय भारी काम हाय तुमचं."

त्या वर्षी चौघी दहावीला. सतरा वर्षांखालच्या गटातलं हे शेवटचं वर्ष, आणि जिल्ह्यानंतर राहिली होती विभागाची स्पर्धा, सांगलीला. तिथं पहिल्या आल्या की थेट राज्य. खडकमाळच्या हायस्कुलातनं राज्याला आजवर कुणी गेलं नव्हतं, पोरगाही नाही. पुढं चौघी चार ठिकाणी जाणार हे ठरलेलं होतं. एकीचं मामाकडं विट्याला, एकीचं कराडला, असं. म्हणजे चौघी मिळून पळायची ही एकच वेळ होती आणि परत ती येणार नव्हती. मॅडमना झोपेतही मैदान दिसत होतं.

आणि नेमके आप्पासो आजारी पडले. दमा जुनाच होता, ह्या खेपेला छाती भरली ती सुटेचना. वडूजच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते गावाकडं सगळ्यांना कळतं.

सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी दिवस कलल्यावर मॅडम वस्तीवर गेल्या. म्हातारबा अंगणात बाजेवर, उशाशी उंच वाकळ. पोरी पलीकडं पिशव्या भरत होत्या. चुलीपाशी म्हातारी, हरणाबाई, भाकरी थापत होती. आप्पासोंनी मॅडमना जवळ बोलावलं. बोलायला धाप लागत होती, तरी खोचकपणा गेला नव्हता.

"मी काय येत न्हाई ह्या खेपेला. बिरोबाचं बोलावणं आधी आलंय."

"आबा, असं बोलू नका."

"ऐका. मी गेलो तरी पोरी पळवायच्या. अर्ध्यातनं माघारी आणायच्या न्हाईत. मला उचलाय चार खांदेकरी वस्तीवर मिळतील. ती कांडी न्यायला ह्याच चौघी हायत, दुसरं कुणी न्हाई. द्या शब्द."

मॅडमनी त्यांचा हात धरला. तो हात हलका झाला होता, नुसती कातडी. "दिला," त्या म्हणाल्या. हरणाबाईनं भाकरी उलटली आणि वर बघितलं नाही.

सांगलीत पहिल्या दिवशी प्राथमिक फेरी झाली. पोरी अशा पळाल्या, की कोल्हापूरच्या एका शाळेचे सर येऊन मॅडमना विचारून गेले, ह्या कुठल्या अकादमीच्या? मॅडम म्हणाल्या, गुरुवारच्या बाजाराच्या. सगळ्यांत चांगली वेळ खडकमाळची होती. संध्याकाळी जेवताना पोरी हसून हसून लोळत होत्या. सृष्टीनं आबांना फोन लावला, तर दादासोनं उचलला आणि म्हणाला, झोपल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतिम फेरी. पोरी मैदानाच्या कडेला अंग मोकळं करत होत्या, छातीवर नंबर लागलेले. मॅडमच्या हातात बॅटन होती, तेवढ्यात फोन वाजला. दादासो होता.

"मॅडम, आबा गेलं. पहाटंच गेलं. पोरींना घेऊन या. आमी थांबलोय, पोरी आल्याबिगर उचलत न्हाई."

 मॅडम म्हणाल्या, "दादासो, आता लगीच हाय ओ रेस. एक रेस. ती झाली की लगोलग निघते. येळ कितीसा लागतोय?"

"मॅडम, बाप मेलाय माझा." दादासोचा आवाज फाटला. "तितं ह्याचा बाप पडलाय आन ह्याची पोरगी उड्या मारती म्हणून उद्या लोकं माझ्या तोंडावर थुकत्याल. सुतक हाय. समद्या भावकीला हाय. तुमच्या घरात झालं असतं तर तुमी पळाला असता का?"

फोन ठेवला त्यानं.  भोंग्यावर मुलींच्या रिलेचा पहिला पुकारा झाला.

आता इथं कुणी शहाणा म्हणंल, त्यात काय एवढं, गप बसायचं होतं. पोरी पळाल्या असत्या, जिंकल्या असत्या, मग सांगायचं. म्हाताऱ्याला शब्द दिला होता ना? दिला होता. मॅडमच्या मनात पहिला विचार तोच आला, आणि तो इतका सोपा होता की त्यांचे पाय पोरींकडं वळलेसुद्धा. पण दुसरा विचार मागनं आलाच. सृष्टी पळंल, हसंल, पदक घालून उडी मारंल, आणि मग हिला सांगायचं की तुझा आबा पहाटेच गेलाय आणि मला ठाऊक होतं? ती आपलं तोंड तरी बघंल का? आणि वस्ती? बाईनं सुतकात पोरी पळवल्या, मढं ताटकळत ठेवलं, असं एकदा झालं की गोफणेवस्तीचं दार कायमचं बंद. मागनं सातवी-आठवीच्या पोरी येत होत्या, त्यांच्यात दोघी तर सृष्टीपेक्षा चपळ. त्या सगळ्यांचं काय? मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा, की जित्या पोरींची वाट राखायची?

त्यांनी वाट राखायची ठरवली. 

पोरींना त्यांनी बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सरळ सांगितलं. "आबा गेले गं." एवढंच. आबांनी काय बजावलं होतं, त्यातलं अक्षर काढलं नाही. ते सांगितलं असतं तर पोरी दोन्हीकडनं ओढल्या गेल्या असत्या, असं त्यांना वाटलं. बाकीच्या पोरी गळ्यात पडून रडायला लागल्या. सृष्टी रडली नाही. तिनं "कवा?" एवढं विचारलं आणि छातीवरच्या नंबराच्या पिना एक-एक करून काढायला लागली. एक पीन निघेना. मॅडम मदतीला गेल्या तर तिनं हात बाजूला केला.

पंचांच्या मांडवात टेबलापाशी जाऊन मॅडम म्हणाल्या, "खडकमाळची टीम माघारी घेते."

टेबलामागचे सर बघतच राहिले. "मॅडम, तुमची टीम पहिली आहे. काय झालं? कुणी पडलं का?"

"मयत झालंय. सगळ्या एकाच भावकीतल्या हायत."

"सगळ्या?" ते म्हणाले. मग त्यांनी मान खाली घातली आणि रेघ मारली.

जीप गेटातनं बाहेर पडत होती तेव्हा भोंग्यावर नावं पुकारत होते. चौथी लेन, खडकमाळ, गैरहजर. मग पुढच्या शाळेचं नाव. मागं गोळी सुटल्याचा आवाज आला आणि लोकांचा कालवा उठला. पोरींपैकी कुणीही मागं बघितलं नाही. तासगाव गेलं, विटं गेलं, मायणी गेली. सृष्टी काचेला डोकं टेकून बाहेर बघत होती. मॅडम पुढच्या सीटवर होत्या, ड्रायव्हरला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडं करून रडत होत्या. त्यांना आप्पासोंचं रडू येत होतं, पोरींचं येत होतं, आणि मधूनच स्वतःचंही येत होतं. त्याची त्यांना लाज वाटत होती.

वस्तीवर माणूस मावत नव्हतं. जीप थांबली तसा बायकांनी हंबरडा फोडला. पोरींनी आबांच्या तोंडात पाणी घातलं. सृष्टी तिथं पहिल्यांदा रडली, आणि असली रडली की चौघी बायकांना आवरेना. सगळं उरकल्यावर दादासो मॅडमच्या पुढ्यात आला आणि दोन्ही हात जोडले. "मॅडम, तुमी लाज राखली आमची." आजूबाजूचे बापये मान हलवत होते. गावात पुढं कितीतरी दिवस बोललं गेलं, बाई असावी तर अशी, रीतभात कळणारी. जो भेटेल तो मॅडमना मान देत होता. प्रत्येक वेळी मॅडमना ते अंगावर ओरबाडल्यासारखं वाटत होतं. कारण दिलेला शब्द मोडल्याचंच ते कौतुक होतं.

वर्ष सरलं. दहावीचे निकाल लागले, चौघी चार वाटांना गेल्या. सृष्टी वडूजला अकरावीला जाणार होती. तिथल्या खेळाच्या सरांनी निरोप धाडला होता, पोरीला पाठवा. ती सरांकडं गेली नाही. पळणं तिनं त्या दिवशी सोडलं ते सोडलंच.

शाळा उघडल्यावर मॅडम पुन्हा गोफणेवस्तीवर गेल्या. नव्या पोरी मागायच्या होत्या. एक आशा होती, की आपण रीत राखली, आता ही माणसं नाही म्हणायची नाहीत. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं.

सगळ्यांनी मान दिला. खुर्ची दिली, साखर जास्त घातलेला चहा दिला. पण पोरींचा विषय काढला की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. एक म्हणाला, थोरल्याला इचारा. थोरला म्हणाला, दादासो म्हणंल तसं. मॅडम शेवटी दादासोच्या अंगणात आल्या.

"मॅडम, तुमच्याविषयी काय म्हणणंच न्हाई," दादासो म्हणाला. "पण जबाबदारी कुणी घ्यायची? आबा हुतं तवर आबा संगं जायचं. आता वस्तीवर कुणाचा शब्द कुणाला चालत न्हाई. मी माझ्या घरापुरता हाय. दुसऱ्याच्या पोरीचं मी कशाला वढवून घिऊ?"

मॅडमना तेव्हा कळलं. दार रीतीनं उघडलेलं नव्हतंच. ते एका म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं धरून ठेवलं होतं, आणि तो माणूस गेला तेव्हाच ते मिटलं होतं. सांगलीत पोरी पळाल्या असत्या तरी मिटलं असतं, न पळताही मिटलं. ज्या वाटेसाठी त्यांनी शब्द मोडला, ती वाट त्या सकाळी उरलेलीच नव्हती.

बाजेवर हरणाबाई बसली होती.  ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी सांगितलं हुतं की तुमास्नी. गेलो तरी पळवा म्हणून. मी चुलीम्होरं हुते." मग लेकाकडं बघून म्हणाली, "तुला बी सांगितलं मी, त्या पहाटं. तुला लोकांची पडली हुती."

दादासोनं मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं तर.  मग मॅडमचं लक्ष दाराकडं गेलं. सृष्टी चहाची कपबशी हातात धरून उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मॅडम निघाल्या तशी ती बांधापर्यंत मागनं आली. वडापच्या जीपची वाट बघत दोघी उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "सृष्टी, मी चुकले गं. तुला तवा सांगायला नको हुतं. रेस झाल्यावर सांगायचं हुतं."

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "रेस झाल्यावर सांगितलं असतं तर मी तुमचं तोंड बघितलं नसतं."

मॅडमना क्षणभर हायसं वाटलं. "मग?"

"आबा गेलं ती बी सांगायचं, आन आबा काय म्हणलं हुतं ती बी सांगायचं. दोन्ही सांगायचं आन मग इचारायचं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "आबांनी ठरवलं पळायचं. दादांनी ठरवलं माघारी यायचं. तुमी ठरवलं काय सांगायचं, काय न्हाई. आमी चौघी तितंच हुतो की, तुमच्या म्होरं. आमास्नी कुणी इचारलंच न्हाई."

इतकी वर्षं मॅडमनी विचारण्यातच घालवली होती. बापांना विचारलं, चुलत्यांना विचारलं, आज्यांचे पाय धरले. ती सगळी विचारपूस पोरींसाठीच होती. आणि त्या सकाळी पोरी हातभर अंतरावर उभ्या असताना त्यांना विचारावं, हे मनात आलंसुद्धा नव्हतं.

"इचारलं असतं तर काय म्हणली असतीस गं?"

 सृष्टी रस्त्याकडं बघत राहिली.

"तीच तर कळंना झालंय," ती म्हणाली. "मी रोज सवताला इचारती. कवा वाटतं, पळालो असतो. आबासाठी पळालो असतो. कवा वाटतं न्हाई, पायच उचललं नसतं. तवा इचारलं असतं तर तवाच कळलं असतं. आता काय जल्मात कळायचं न्हाई."

ती वळली आणि वस्तीकडं निघून गेली. मॅडम तिथंच बांधावर बसल्या आणि रडल्या. वडाप आली, थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्यांच्यानं उठवलं नाही. थोडा वेळ वाट बघून गाडी निघून गेली.